दिवाळीनंतरचा भाव

मागच्या महिन्यात तुमच्यातल्या थोरलीने मला फोनवर विचारलं, "आजी, दुकानदार वस्तूंच्या किमती कशा बदलतात? तुमचं दुकान होतं ना?" तिला शाळेत काहीतरी लिहून द्यायचं होतं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे प्रश्न आला की मुद्द्यांनी उत्तर द्यायची सवय आहे. घाऊक भाव वाढला की, गिऱ्हाईक वाढलं की, शेजारच्या दुकानाने बदलला की, असं मी तिला सांगितलं. तिने ते लिहून घेतलं, थँक्यू म्हणाली, आणि तिची शाळेची बस आली. उत्तर चुकीचं नव्हतं. पण आपल्या दुकानात किमती तशा बदलत नव्हत्या, आणि ज्या एका वर्षी तशा बदलल्या, त्या मी बदलल्या. हे मी तिला सांगितलं नाही. तुमच्या बाबांनाही यातलं निम्मंच माहीत आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी दोनदा सुरुवातही केली. पण आजोबा इंग्रजीत बोलायला लागले की ते आजोबा वाटेनात. तेव्हा बाबांना शेजारी बसवून वाचा.

आजोबांचं दुकान भांडुप पश्चिमेला, स्टेशनवरून टेकडीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर होतं. रुंदी एवढीच, की मध्ये उभं राहून मी हात पसरले तर दोन्ही बाजूंच्या फळ्या बोटांना लागायच्या. शिवणकामाला लागणारं सामान तिथे मिळायचं. दोऱ्याची रिळं, हुक, टिचबटणं, नाड्या, इलॅस्टिक, लेस, साडीचा फॉल, ब्लाउजचं अस्तर. सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यांत, खोके फळ्यांवर एकामागे एक, पार छतापर्यंत. आजोबांचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी बंद पडली तेव्हा हाती आलेल्या पैशांतून आजोबांनी हे दुकान टाकलं. मी तेव्हा मुलुंडच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि आम्ही नाहूरला राहत होतो, आता मी राहते तिथेच, फक्त तेव्हा ही इमारत चार मजल्यांची होती.

दुकानाचं गिऱ्हाईक म्हणजे टेकडीवरच्या चाळींतल्या बायका. घरात मशीन टाकून ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या. मोठे टेलर आपल्याकडे कमी यायचे, ते थेट घाऊक बाजारात जायचे. या बायकांना तेवढा वेळ नव्हता आणि तेवढा माल एकदम घ्यायला पैसेही नव्हते. त्या आठवड्याला दोन डझन हुक आणि तीन मीटर अस्तर घेणाऱ्या.

आणि त्यांच्यासाठी आजोबांचा एक नियम होता. भाव वर्षातून एकदाच बदलायचा, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. मध्ये काहीही होवो, पुढच्या दिवाळीपर्यंत तोच.

कारण असं, की बायका आपली शिलाई वर्षाची सांगतात. चाळीत आठ घरं सोडून राहणाऱ्या बाईला एकदा सांगितलं, की साध्या ब्लाउजचे इतके, अस्तराच्याचे इतके, की मग श्रावणात तिला जाऊन "दोरा महागला, दहा रुपये जास्त दे" असं सांगता येत नाही. सांगितलं तर ती दुसरीकडे शिवायला टाकते, आणि वर नळावर चार जणींना सांगते. म्हणजे मध्ये दोरा महागला तर तो शिवणारीच्या अंगावर पडतो. आजोबा म्हणायचे, "त्यांचा भाव हलत नाही तोवर आपला हलवायचा नाही."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद असायचं. शटर अर्धं वर करून आम्ही दोघं आत बसायचो. प्रत्येक खोक्याला पुढून एक पांढरी पट्टी दोऱ्याने बांधलेली असे. जुनी पट्टी सोडायची, नवी लिहायची. सोडायचं-बांधायचं काम आजोबांचं, लिहायचं माझं, कारण माझं अक्षर शाळेच्या फळ्यावरचं. आजोबा स्टुलावर बसून छताकडे बघत भाव सांगायचे.

"हुक?" मी विचारायची.

"थांब. गेल्या वर्षी किती होता?"

"तुमच्या हातातच आहे पट्टी."

"हां. मग एक रुपया वाढव. नको, दोन वाढव. एक वाढवला तर सुट्टे पैसे शोधत बसतील आणि मला शिव्या देतील."

तुम्हाला आजोबा साधुसंत वाटायला नकोत म्हणून हेही सांगते. दर वर्षी कुठल्यातरी एका वस्तूचा भाव ते कमी करायचे. एका वर्षी नाडीचा, एका वर्षी सुयांचा. मी विचारलं तर म्हणाले, "एकतरी खाली आलेलं दिसलं पाहिजे गं. नाहीतर बायका वरच्या पट्ट्या वाचतात आणि तिथूनच परत फिरतात. खाली आलेलं शोधायला म्हणून सगळं वाचतात." आणि ती कमी केलेली पट्टी मुद्दाम सगळ्यांत आतल्या फळीवर लावायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच बायका उभ्या असायच्या. दहा वाजेपर्यंत तीस-चाळीस जणी येऊन जायच्या. खरेदीला नव्हे, पट्ट्या बघायला. टेकडीवर राहणारी मालवणकडची एक बाई होती. तिला सगळे ब्लाउजवाली म्हणायचे. तिचा आवाज मोठा, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना ती पट्ट्या वाचून दाखवायची.

"काकानू, ह्या काय? इलॅस्टिक कितक्याक केलास? चोरी करतास काय दिवसाढवळ्या?"

"चोरी करायची असती तर तुला बोलावली असती वाचायला?" आजोबा म्हणायचे.

"वाचूक म्हणान बोलवतास, मग चाय तरी पाजा."

मग चहा यायचा. आणि चहा पिता पिता, आमच्याच पायरीवर उभ्या राहून, या बायका आपला भाव ठरवायच्या. साधा ब्लाउज यंदा कितीला सांगायचा, अस्तराचा कितीला. कुणी एखादी कमी सांगते म्हणाली की बाकीच्या तिच्यावर तुटून पडायच्या. "तू कमी घेतलंस ना, तर तुझ्याकडे शिवायला येतील आणि आमच्याकडे काय फुकटचं पाणी प्यायला येतील?" अर्ध्या तासात टेकडीचा वर्षाचा भाव ठरायचा. शाळेला दिवाळीची सुट्टी असायची, त्यामुळे मीही तिथे उभी असायची. माझ्या अक्षरातल्या आकड्यांवरून एवढ्या घरांचं वर्ष ठरतं आहे, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. त्या आकड्यांना आपण बांधले गेलो आहोत, असं मात्र कधी वाटलं नाही.

मी निवृत्त झाले त्या सुमाराला सगळं बदलायला लागलं. आधी घाऊक भाव वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा हलायचा. आता दर महिन्या-दोन महिन्यांनी व्यापाऱ्याचा फोन यायचा, की इलॅस्टिक वाढलं, अस्तर वाढलं. रिळांवर कंपनीची छापील किंमत असते, तिच्या वर कुणालाच जाता येत नाही. आपण तिच्याही खालीच विकायचो. पण हुक, लेस, अस्तर, नाड्या हा सगळा सुटा माल, त्यावर काहीच छापलेलं नसतं. समोरच्या मोठ्या दुकानात त्याचा भाव दर आठवड्याला बदलायचा. कधी वर, कधी सणाआधी खाली आणि सणात दुप्पट. कुणाला त्याचं आश्चर्य वाटत नव्हतं.

जेवताना आमचे वाद व्हायचे. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. "अहो, बारा डझन हुक विकून जे पैसे आले, त्यांत आता दहाच डझन येतात. पुढच्या वेळी आठ. तुम्ही विकता त्या भावाला अर्थ नाही, पुन्हा भरायला किती लागतात तो खरा भाव."

"बरोबर आहे," ते म्हणायचे.

"मग?"

"मग काय, दिवाळीला बघू."

त्यांचं ते "बरोबर आहे" मला फार लागायचं. वर्गात एखादा मुलगा सगळं समजलं म्हणून मान हलवतो आणि पेपरात काहीच लिहीत नाही, तसं. मी त्याला हट्ट समजत होते.

आजोबा आजारी पडले ते श्रावणात. दुकानातच छातीत दुखायला लागलं. समोरच्या मेडिकलवाल्याने रिक्षात घालून मुलुंडच्या हॉस्पिटलात नेलं. ऑपरेशन झालं. बाबा धावत आले, दहा दिवस राहिले आणि परत गेले, त्यांचं कामच तसं होतं. डॉक्टरांनी दीड महिना दुकानात जाणं बंद, बोलणं कमी, काळजी अजिबात नाही, असं बजावलं. सकाळी शेजारीण त्यांच्याजवळ बसायची आणि मी दुकान उघडायला जायची. गौरी-गणपती तोंडावर आले होते. बायकांच्या मशिनी दिवसभर चालू होत्या. हाच मुख्य सीझन.

दुसऱ्याच दिवशी एका बाईने काळं अस्तर मागितलं. पुढच्या खोक्यात संपलं होतं म्हणून मी स्टुलावर चढून मागचा खोका ओढला. तो एवढा हलका आला की माझा तोल गेला. आत काही नव्हतं. त्याच्या मागचाही रिकामा. मी बाईला उद्या ये म्हणून सांगितलं, शटर अर्धं खाली घेतलं आणि एकेक खोका काढून बघत गेले. पुढची रांग भरलेली होती. मागच्या दोन्ही रांगा, छतापर्यंतच्या, जवळजवळ सगळ्या रिकाम्या. झाकणं नीट लावलेली, पट्ट्या नीट बांधलेल्या, माझ्याच अक्षरातल्या.

मी त्या स्टुलावर बसले. वर्षानुवर्षं दुकान मागून आटत आलं होतं आणि पुढून तसंच दिसत होतं. आजोबा रोज संध्याकाळी घरी येऊन "बरं चाललंय" म्हणायचे. मला राग आला. मग भीती वाटली. समोर सीझन, माल भरायला हातात पैसे नाहीत, आणि आहे तो माल जुन्या भावात गेला तर दिवाळीपर्यंत पुढची रांगही संपणार. ते बरे होऊन येतील तेव्हा त्यांना बसायला दुकानच उरणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं. त्या माणसाला घरी बसवलं तर तो जगणार नाही, असंही.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आई, हे कधीच करायला हवं होतं. तू सरळ नवीन भाव लाव. बाबांना बरं वाटलं की सांगू." त्यांचा यात काही दोष नाही. मी त्यांना हिशेब सांगितला, नियम सांगितला नाही. आणि विचारायच्या आधीच माझं ठरलेलं होतं.

लेबलं मारायचं एक छोटं यंत्र मिळतं, पिस्तुलासारखं. आकडे फिरवायचे आणि दाबलं की कट् करून चिकटतं. ते मी आणलं. तीन दुपारी बसून सगळ्या दुकानाचे भाव बदलले. नव्या पट्ट्या लिहिल्या असत्या तर मला जड गेलं असतं, म्हणून जुन्या पट्टीवरच्या माझ्या आकड्यावर लेबल बरोबर सरळ बसवलं. एकही वाकडं नाही. त्या कामाचं मला त्या तीन दिवसांत समाधान वाटत होतं, हे लपवत नाही.

गिऱ्हाइकांनी कुरकुर केली आणि घेतलं. सगळीकडेच भाव वाढतात, तसे आपल्याकडे वाढले, एवढंच. दोघी-तिघींनी पट्टीकडे बघून माझ्याकडे बघितलं. चौथ्या दिवशी ब्लाउजवाली आली. तिने अस्तर मागितलं, मी भाव सांगितला. ती हसली.

"काकी, तुमचा चुकला वाटता. ह्यो भाव नाय आसा. दिवाळी खंय झाली अजून?"

"नाही चुकलं. भाव वाढलाय."

"असा कसा वाढलो? चाळीस ब्लाउज घेऊन बसले मी गौरीचे. शिलाई सांगून झाली माझी." ती एकदम मुंबईच्या मराठीवर आली. गंभीर झाली की तसं व्हायचं. "आता मी प्रत्येकीच्या दारात जाऊन काय सांगू? काकी, तुम्ही शिकलेल्या ना?"

मी तिला बारा डझनांचं आणि दहा डझनांचं गणित सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं. गणित तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. मग तिने फळ्यांकडे बघितलं, वरपर्यंत, आणि म्हणाली, "मागचे खोके रिकामे आहेत ते ठाऊक आहे आम्हाला. वरचा खोका काढताना काका एका बोटाने काढायचे. भरलेला खोका असा येतो काय?"

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं."

तिने अस्तर घेतलं. मागत होती त्याच्या निम्मं. पैसे दिले. पायरी उतरून गेली आणि परत वर आली. मला वाटलं, आता भांडेल. ती म्हणाली, "काकांना सांगू नका हां. आजारी माणूस. उगीच जीवाला लावून घेतील. आम्ही कोण बोलणार नाही."

आणि कुणी बोललं नाही. त्या गणपतीत टेकडीवरच्या कितीतरी बायका आजोबांना बघायला नाहूरला घरी येऊन गेल्या. शहाळी आणली, केळी आणली. ब्लाउजवाली दोनदा आली. "काकानू, लवकर येवा. काकीक चाय पाजूक येत नाय," म्हणून त्यांना हसवलं. भावाचं अक्षर काढलं नाही. जास्तीचे पैसे त्यांनी स्वतःच्या शिलाईतून घातले आणि माझं गुपित मात्र सांभाळलं.

मी संध्याकाळी घरी आले की आजोबा विचारायचे, "कोण कोण आलं?" मी सांगायची. कुणी काय नेलं, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, सगळं. त्यांनी किती गल्ला झाला हे कधी विचारलं नाही आणि भाव काय लावला हे विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांच्या लेखी तो ठरलेला होता. तीस-पस्तीस संध्याकाळी असं झालं. पहिल्या पाच-सहा संध्याकाळी डॉक्टरांचं कारण खरं होतं. नंतर ते हिंडायला-फिरायला लागले होते, जिन्यावरून खाली उतरून येत होते, पेपर वाचत होते. तेव्हा मी सांगू शकले असते. दुकानात माल भरला होता, मागची एक रांग मी भरून काढली होती. भरलेल्या फळ्या त्यांना एकदम दाखवायच्या, म्हणजे ते आपोआप समजतील, असं मी ठरवून टाकलं होतं.

नवरात्राच्या आधी दोन दिवस ते दुकानात आले. रिक्षातून उतरताना त्यांनी माझा हात धरला, पायरी मात्र एकट्याने चढले. गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसले, मग उठले आणि मागचा खोका एका बोटाने ओढला. तो आला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला, उघडला, हुक लावलेली पुठ्ठ्याची पानं बघितली आणि माझ्याकडे वळून हसले. ते हसू मला अजून दिसतं, कारण नंतर ते तसं हसले नाहीत. मग त्यांची नजर पट्टीवर गेली. त्यांनी लेबलावरून अंगठा फिरवला. शेजारची पट्टी बघितली. मग तिच्या शेजारची.

"दिवाळी झाली?" त्यांनी विचारलं.

मी बोलत सुटले. रिकामे खोके, सीझन, व्यापाऱ्याचे फोन, हॉस्पिटल. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही मला कधी सांगितलंत का, मागे सगळं रिकामं आहे म्हणून?"

"नाही सांगितलं. चुकलं माझं." ते खाली बसले. "मी मोजून ठेवलं होतं गं. यंदाच्या दिवाळीपर्यंत पुढची रांग पुरली असती. थोडं कमी पडलं असतं, पण पुरली असती. मग भाऊबीजेनंतर त्यांना सांगणार होतो, की या वर्षी भाव नाही, दुकान बंद."

मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून, रोज एका टेबलावर जेवून.

"मला कधी सांगणार होतात?"

"दिवाळी गोड झाली असती, मग सांगितलं असतं. तू म्हणाली असतीस, मी म्हणतच होते."

मी खरंच तसं म्हणाले असते.

मी म्हणाले, "लेबलं काढून टाकते. आत्ता. खाली जुन्या पट्ट्या तशाच आहेत."

"नको." पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा चढला. "ज्यांनी गणपतीत जास्त दिले त्यांना काय सांगशील? त्यांचे परत देशील? कुणी किती नेलं तुला तरी आठवतंय का? आता काढलीस तर त्यांना दोनदा फसवल्यासारखं होईल." मग थोड्या वेळाने, नेहमीच्या आवाजात, "तुझं गणित बरोबर आहे. दुकान चालेल आता. तू चालव."

त्यानंतर ते दुकानात बसले नाहीत. डिसेंबरात तुम्ही सुट्टीवर आलात तेव्हा धाकट्याने हट्ट धरला होता, की आजोबांबरोबर दुकानात जायचं आणि बटणं विकायची. ते म्हणाले, गुडघे दुखतात. गुडघ्यांना त्यांच्या काही झालं नव्हतं. तुम्ही त्यांना गुडघ्याला लावायला मलम पाठवलंत, ते त्यांनी रोज लावलंही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, त्या दिवाळीचं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं नाही. बदलायचं काही नव्हतं. भाव आधीच नवे होते, आणि व्यापाऱ्याने पुन्हा फोन केला असता तर पुन्हा बदलावे लागले असते. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी लवकर गेले. चहावाल्याला चाळीस कप सांगून ठेवले. अकरापर्यंत पाच जणी आल्या.

ब्लाउजवाली त्यांत होती. सवयीने पायरीवर उभी राहिली, पट्ट्यांकडे मात्र बघितलं नाही.

मी म्हणाले, "हे भाव पुढच्या दिवाळीपर्यंत राहतील. मी बदलणार नाही. तुम्ही तुमची शिलाई ठरवा."

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. ब्लाउजवाली म्हणाली, "ठरवायचं काय काकी. मी आता वर्षाची सांगतच नाही. जी येईल तिला त्या दिवसाचा भाव. समोर दुकानात विचारते, इथे विचारते, आणि मग सांगते."

"पण मी सांगते आहे ना, बदलणार नाही म्हणून."

"हां, ते झालंच." तिने अगदी प्रेमाने सांगितलं. आजारी माणसाची समजूत काढतात, तसं. "चहा सांगितलाय ना? घेऊ या."

त्यांनी चहा घेतला, दोन रिळं घेतली, काकांना विचारलं म्हणून सांगा म्हणाल्या आणि गेल्या. किटलीत उरलेला चहा मी परत पाठवला.

दुपारी घरी जेवायला गेले तेव्हा आजोबा ताटं मांडून बसले होते. विचारलं, "आल्या होत्या?"

"आल्या होत्या," मी म्हणाले. "नेहमीसारख्या. गर्दी झाली होती. चहा पुरला नाही."

का म्हणाले, ते सांगता येत नाही. सगळं आयुष्य मी मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगत आले.

त्यांनी माझ्या ताटात भात वाढला. "पाच होत्या," ते म्हणाले. "मी समोर मेडिकलच्या फळीपाशी उभा होतो. नऊपासून. त्याने स्टूल दिलं होतं बसायला."

मी मीठ वाढून घेतलं.

"तू त्यांना काहीतरी सांगत होतीस. मला ऐकू येत नव्हतं. वर्षभर बदलणार नाही म्हणालीस?"

"हो."

"त्या काय म्हणाल्या?"

"चहा घेऊ या म्हणाल्या."

त्यांनी आमटीचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मी डोळे पुसले, तेही त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "आता तरी बंद करू या का?"

फेब्रुवारीत आम्ही दुकान विकलं. उरलेला माल आजोबांनी मला दुसऱ्या दुकानदाराला विकू दिला नाही. ज्यांनी गणपतीत जास्त दिले त्यांच्यासाठी तो टेकडीवर पाठवायचा म्हणाले, पण वाटायला स्वतः गेले नाहीत. मलाच पाठवलं.